आठ मिलिमीटरचा चौकोन

“गोल भोक मशीन पाडतं, चौकोनी भोक माणूस पाडतो,” असं फिटर प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला छाती पुढे काढून सांगायचा, आणि तो चौकोनी भोक पाडणारा माणूस त्या वेळी हात धुऊन स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत असायचा. तो माणूस म्हणजे फिटरची बायको. गल्लीत तिला सगळे फिटरीणबाई म्हणत, मास्तरांच्या बायकोला मास्तरीणबाई म्हणतात तसं. चहा आला की गिऱ्हाईक म्हणायचं, “वहिनी, तुम्हाला उगाच त्रास.” ती म्हणायची, “त्रास कसला त्यात.” इतकी वर्षं गिऱ्हाइकांना ती दिसली ती एवढीच, कपबशीपुरती.

कारखाना घरातच होता. मागच्या खोलीला मधोमध एक जाड पडदा लावून तिचे दोन भाग केलेले. बाहेरच्या भागाचं दार मागच्या गल्लीत उघडायचं. तिथे फिटरचं ड्रिल मशीन, एक स्टूल, आणि गिऱ्हाइकाला बसायला पाठ मोडलेली खुर्ची. आतल्या भागात खिडकीखाली बाकडं, बाकड्याला घट्ट बसवलेला वाइस नावाचा लोखंडी जबडा, आणि शेजारी फळीवर उतरत्या क्रमाने मांडलेल्या कानशी. वाइससमोरच्या फरशीवर दोन पावलांच्या जागा गुळगुळीत झाल्या होत्या. पावलं लहान होती. कुणी पडदा सरकवून नीट पाहिलं असतं तर त्याला फिटरच्या चपलेचं माप आणि त्या खुणा यांचा मेळ बसला नसता. पण पडद्याआड बघायला जातो कोण?

काम बहुतेक सगळं कुलूपवाल्याचं. जुन्या इमारतींच्या दारांची कुलपं तो दुरुस्त करायचा. दाराचं हँडल दाबलं की एक चौकोनी सळई फिरते, आणि ती सळई कुलपाच्या पोटातल्या एका बोटभर पोलादी पट्टीतून गेलेली असते. त्या पट्टीला आठ मिलिमीटरचं चौकोनी भोक लागतं. भोक लहान झालं तर सळई आत जात नाही, म्हणजे चूक जागच्या जागी कळते. मोठं झालं तर मात्र कळतं ते दार बसवून झाल्यावर. हँडल मान टाकतं. दाबलं तर आधी नुसतंच लुळं खाली येतं आणि मग कुठे आत काहीतरी हलतं. अशी हँडलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्या दाराला अर्धांगवायू झालाय की काय असं वाटतं.

फिटर पट्टीवर खूण करायचा, ड्रिल घसरू नये म्हणून पंच मारायचा आणि साडेसात मिलिमीटरचं गोल भोक पाडायचा. मग पट्टी पडद्याआड जायची. तिथे फिटरीण चौकोनी कानशीने आधी चार कोपरे काढायची, आणि मग एकेक बाजू थोडी थोडी खात रेषेपर्यंत न्यायची. कानस पुढे जाताना कापते. मागे ओढताना तिला उचलून घ्यावं लागतं, नाहीतर दात मरतात. पुढे दाब, मागे उचल, पुढे दाब, मागे उचल. सांगायला चार शब्द, पण करायला मनगट लागतं. शेवटी गेज लावायचा. गेज म्हणजे काय, अचूक आठ मिलिमीटरच्या चौकोनी सळईचा एक तुकडा. तो भोकात ठेवला तर आपल्या वजनाने खाली पडता कामा नये, आणि अंगठ्याने दाबला तर अडता कामा नये. शिवाय फिरवून चारी अंगांनी तसाच जायला हवा. गेला की बोटांनी हलवून बघायचा. बोटांच्या टोकांना केसाएवढा खुळखुळा कळतो. डोळ्यांना कळत नाही तो त्यांना कळतो.

ही विद्या तिला कुणी शिकवली नव्हती, ती तिच्या गळ्यात पडली होती. फिटर आधी मोठ्या कारखान्यात होता. कारखाना बंद झाला तेव्हा त्याने ड्रिल मशीन आणि वाइस घरी आणून काम सुरू केलं. ती नुसती कडांची धार मोडून द्यायची, म्हणजे हाताला लागू नये. मग फिटरचा उजवा खांदा आखडला. “आजचा दिवस कोपरे तू काढ,” तो म्हणाला. मग “आजचा दिवस बाजू पण घे.” तो आजचा दिवस काही संपला नाही. लेक शाळेत गेली, कॉलेजात गेली, लग्न होऊन त्याच शहरात दोन बसथांब्यांवर राहायला गेली, आणि फिटरीण अजून आजचा दिवस बाजू घेत होती.

सुरुवातीला फिटर तिच्या प्रत्येक पट्टीवर माप लावायचा, आणि मोठ्याने आकडा वाचायचा. एकदा तिचं डोकं फिरलं. कानस बाकड्यावर ठेवून ती म्हणाली, “मोजायचं असेल तर तुम्हीच घासा.”

“अगं, कारखान्यात साहेबसुद्धा मोजून घ्यायचा.”

“मग जा साहेबाकडे.”

फिटर म्हणाला, “बरं. मी तुझं मोजणार नाही. तूही माझी भोकं मोजायची नाहीस.” तेव्हापासून घरात तो नियम झाला. ज्याने केलं त्याने तपासायचं, दुसऱ्याने मुकाट घ्यायचं. दोघांनाही त्या नियमाचा अभिमान होता. नवराबायकोत एवढा विश्वास असणं चांगलंच. कारखान्यात मात्र त्याला निष्काळजीपणा म्हणतात.

अलीकडे फिटरचा हात थरथरायला लागला होता. फार नाही, पण कप बशीत वाजायचा. पंच मारताना तो डाव्या हाताने उजवं मनगट धरायचा, आणि ड्रिलचा दांडा खाली ओढताना श्वास रोखायचा. ती पडद्याआडून हे बघायची आणि बघितलं नाही असं करायची.

तिचंही काही बरं चाललं नव्हतं. आधी मुंग्या आल्या. मग अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं झोपायला लागली. कणीक मळताना हात झटकावा लागायचा, फोन कानाला धरला की हात मेल्यासारखा व्हायचा. एकदा दूध उतरवताना भांडं सुटलं. लेक तेव्हा घरात होती. ती दुसऱ्या दिवशी “बाजारात जाऊन येऊ” म्हणून आईला घेऊन निघाली आणि थेट डॉक्टरकडे गेली.

डॉक्टरने मनगट वाकवून धरलं, बोटांना टाचणी टोचली आणि विचारलं, “काय करता तुम्ही? शिवणकाम?”

“घरकाम,” ती म्हणाली.

“आई, खरं सांग.”

“थोडं कानसकाम.”

डॉक्टरला ते कळायला वेळ लागला. कळल्यावर तो म्हणाला, मनगटात नस दबली आहे. कानस कायमची ठेवा. आत्ता ठेवलीत तर बोटांत जीव परत येईल. नाहीतर पुढे शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर पुन्हा हेच करणार असाल तर तिचाही उपयोग नाही.

बाहेर बसथांब्यावर लेक म्हणाली, “तू बाबांना सांगतेस की मी सांगू?”

“तू मध्ये पडू नकोस. सांगेन मी.”

“कधी?”

“हे हातातलं काम झालं की.”

“हातातलं काम झालं की दुसरं हातात येतं, आई. लहानपणापासून बघतेय.”

फिटरीण बस येते का ते बघायला लागली. पोटाचा प्रश्न नव्हता. दोघांचं कसंही भागलं असतं. प्रश्न होता सकाळचा. सकाळी उठून, दाढी करून, खाकी शर्ट चढवून फिटर मागच्या खोलीत जायचा, त्याचा दिवस तिथून सुरू व्हायचा. तिने कानस ठेवली की त्याच्या गोल भोकांचं कुणाला काय काम? गोल भोक तर मशीन पाडतं. तो तिथे नुसता जाऊन बसेल, आणि मग जाणंही सोडेल. तिला त्याचं पुढचं सगळं दिसत होतं, म्हणून तोंड उघडत नव्हतं. पण थकवा असा होता की हाडांत उतरला होता. झोपून उठलं तरी तो आधी उठून बसलेला असायचा.

हातातलं काम मोठं होतं. एका वसतिगृहाच्या सगळ्या खोल्यांची कुलपं कुलूपवाल्याला मिळाली होती. पट्ट्यांची चवड बघूनच तिच्या मनगटात कळ आली. तिने त्या केल्या. रोज थोड्या थोड्या, हात झटकत, कोमट पाण्यात बुडवत, पुन्हा कानस धरत. प्रत्येक भोकाला गेज लावला, अंगठ्याने दाबला, बोटांनी हलवून पाहिला. हलत नव्हता. म्हणजे तिला हललेला कळला नाही. ज्या बोटांना टाचणी टोचलेली कळत नाही त्यांना केसाएवढा खुळखुळा कुठून कळणार? पण सवय अशी असते की ती बोटांना विचारत राहिली आणि बोटं ठीक आहे म्हणत राहिली. नियमाप्रमाणे फिटरने काही मोजलं नाही. पट्ट्या तेलाचा हात फिरवून, कागदात बांधून गेल्या.

कुलूपवाला परत आला तो पिशवी घेऊनच. बोलका माणूस, आल्याबरोबर कुणाची तरी खोडी काढल्याशिवाय बसायचा नाही. त्या दिवशी आधी खुर्चीत बसला, मग म्हणाला, “फिटर, वसतिगृहातली पोरं खूश आहेत तुमच्यावर.”

“का हो?”

“म्हणतात, आम्ही आलो की दाराचं हँडल वाकून मुजरा करतं. घरी एवढा मान मिळत नाही.”

फिटर हसला नाही. “किती दारांचं?”

“सगळ्यांचं म्हणा ना. एखाददुसरं ताठ उभं आहे, ते बहुतेक गंजल्यामुळे.” त्याने पिशवी ड्रिल मशीनपाशी ठेवली. “हे बघा, तुमच्या कामाला मी आजवर कधी माप लावलं नाही. तुमचा हात म्हणजे शेवटचा शब्द. पण आता… कप बघा ना तुमचा, कसा वाजतोय. वय झालं, त्यात काय लाजायचं? माझे गुडघे वाजतात, तुमचा कप वाजतो.”

फिटरीण तेव्हा हातात बिस्किटांची बशी घेऊन पडद्याशी उभी होती. फिटरने कप खाली ठेवला. उजवा हात मांडीखाली घेतला. “भोकंच मोठी पडली असणार,” तो म्हणाला. “ड्रिल हललं असणार माझं. चूक माझी आहे.”

“अहो, चूक वगैरे काय…”

“माझी आहे म्हणतोय ना.”

कुलूपवाल्याने डोकं खाजवलं. आता लेझरवर कापून मिळतात, कोपरे जरा गोल येतात, पण चालवून घेईन, असं काहीतरी तो पुटपुटला. मग बायकोच्या समोर नवऱ्याला फार बोललो असं वाटून तिच्याकडे वळला. “वहिनी, चहा झकास.”

“साखर कमी नाही ना झाली?” फिटरीण म्हणाली.

एवढंच म्हणाली. तिला माहीत नव्हतं असं नाही. पिशवी बघितली तेव्हाच काय ते कळलं होतं. नंतर फिटर हात-पाय धुवायला गेला तेव्हा तिने पिशवीतली एक पट्टी काढली, गेज लावला आणि डाव्या हाताने हलवून पाहिला. डावा हात बापडा कधी कामाला लावला नव्हता, पण त्यालासुद्धा कळलं. दुसरी घेतली. तिसरी घेतली. सगळीकडे तेच. पट्ट्या तिने पुन्हा पिशवीत टाकल्या.

त्या संध्याकाळी फिटरने मशीन पुसलं, तेल घातलं आणि वर जुनी चादर घातली. “झालं तेवढं पुष्कळ झालं,” तो म्हणाला. “उद्यापासून बंद.”

तिने नुसती मान हलवली.

आणि खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटलं. मागायचं होतं ते न मागता मिळालं होतं. सांगायचं होतं ते सांगावं लागलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती आडवी झाली, हात उशीवर ठेवला आणि झोपली ती ऊन भिंतीवरून खाली येईपर्यंत. तिसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याभरात मुंग्या थोड्या कमी झाल्या. लेक आली, सगळं ऐकलं, आणि आईला बाजूला घेऊन म्हणाली, “तू सांगितलंस?”

“सांगायची वेळच आली नाही. त्यांनीच बंद केलं.”

“का?”

“त्यांना वाटतं भोकं त्यांच्याकडून मोठी पडली.”

“आणि नव्हती पडली?”

फिटरीणने उशीचा अभ्रा नीट केला. लेकीने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. जाताना चपला घालत एवढंच म्हणाली, “आराम कर, आई. पण बाबांकडे एकदा नीट बघ.”

नीट बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, हेच तर दुखणं होतं. फिटर दाढी करायचा, शर्ट चढवायचा, आणि मग कुठे जायचं ते न सुचून पुढच्या खोलीत बसायचा. वर्तमानपत्र मांडीवर उघडं असायचं, पान उलटलेलं नसायचं. उजवा हात मांडीखाली. चहा कपातून नको म्हणायचा, पेल्यात घ्यायचा आणि दोन्ही हातांनी धरून प्यायचा, भाजत असला तरी. कपाटाच्या दाराचा स्क्रू ढिला झाला होता, तिने सांगितलं तर म्हणाला, “सुताराला बोलाव.” एका स्क्रूसाठी सुतार! ज्या माणसाने एके काळी शेजाऱ्याच्या घरचा करकरणारा दरवाजासुद्धा न विचारता जाऊन दुरुस्त केला होता आणि वर “झोप येत नाही हो आवाजाने” म्हणून ऐकवलं होतं, तो हा.

मग एक दिवस शेजारीण कुकरचं हँडल घेऊन आली. “फिटरकाका, जरा घट्ट करून देता का? तुमच्या हाताचं वर्ष-वर्ष हलत नाही.”

फिटरने हँडलकडे बघितलं, पण हात पुढे केला नाही. “नाही गं बाई,” तो म्हणाला. “माझ्या हाताचा आता भरवसा नाही. दुकानात ने.”

शेजारीण गोंधळून गेली. फिटरीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा हात आता बरा वाटत होता. त्यात बऱ्याच दिवसांनी भांड्याचा गरमपणा नीट कळत होता. एकाच्या हाताला जीव येत होता आणि दुसऱ्याचा जात होता. जात होता तो तिने घेतला होता.

तिने ओला हात पदराला पुसला आणि मागच्या खोलीतून पिशवी आणून त्याच्या पुढ्यात ठेवली.

“भोकं तुमची बरोबर होती,” ती म्हणाली. “मी जास्त घासली.”

फिटरने वर पाहिलं. “माझी समजूत काढू नकोस.”

“समजूत काढायची असती तर त्याच दिवशी काढली असती. माझीच चूक आहे.”

“इतक्या वर्षांत तुझं एक भोक वाया गेलं नाही. आणि आता एकदम सगळी? कुणाला सांगतेस?”

“तुम्हालाच सांगतेय, आणि तुम्ही ऐकत नाही.”

“मला माहिती आहे ना माझं मशीन कसं हललं ते. तू कशाला अंगावर घेतेस?”

आता काय करावं! आपली चूक पदरात घ्यायला निघावं तर नवरा घेऊ देत नाही. फिटरीणला मनापासून कंटाळा आला. तिने पिशवीतून एक पट्टी काढली, त्याचा चष्मा त्याच्या नाकावर नीट बसवला, पट्टी त्याच्या डाव्या हातात दिली आणि त्याचा तो हात खिडकीच्या उजेडाकडे वळवला. पिशवी आली तेव्हापासून त्याने एकही पट्टी हातात घेतली नव्हती. बघायचं धाडसच केलं नव्हतं.

“भोक मोठं पडलं असतं,” ती म्हणाली, “तर प्रत्येक बाजूच्या मधोमध गोलाचा खळगा राहिला असता. आठाच्या पुढे गेलेला गोल चौकोनाच्या बाहेर दिसतोच. दिसतो का?”

फिटरने पट्टी डोळ्यांजवळ नेली. लांब नेली. फिरवली.

“बाजू सपाट आहेत,” तो हळूच म्हणाला.

“या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत?”

“सपाट.”

“म्हणजे गोल आतच होता. तो कानशीने खाल्ला आणि कानस पुढे गेली. दुसरी बघा.”

त्याने दुसरी बघितली. तिसरी बघितली. मग सगळी पिशवीच वर्तमानपत्रावर पालथी घातली आणि एकेक पट्टी उजेडाला धरू लागला. त्या धांदलीत मांडीखालचा उजवा हात कधी बाहेर आला ते त्यालाही कळलं नाही. हात थरथरत होता, आणि पट्ट्या उचलत होता.

“साडेसात!” तो ओरडला. “अगं, साडेसातच पडली आहेत! एकही बाहेर नाही! हात हलतो, पण भोक हललेलं नाही. बघ, ही बघ!”

“बघितलं.”

“कुलूपवाला म्हणे कप वाजतो. वाजू दे ना! कपाचा काय संबंध?” तो उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. लग्नात नवरा मुलगा इतका खुलला नव्हता. “आणि मी मूर्खासारखा चादर घालून बसलो!”

फिटरीण त्याच्याकडे बघत राहिली. आपल्या हातून एवढं काम बिघडलं हे ऐकून कुणाला इतका आनंद झालेला तिने आयुष्यात पाहिला नव्हता. तिला हसू आलं, आणि पाठोपाठ असा शीण आला की ती समोरच्या खुर्चीत बसली.

बऱ्याच वेळाने त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. “पण तू जास्त घासलंस कसं?”

तिने हात पुढे केला. “ही तीन बोटं झोपलेली होती. गेज हलतोय ते कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाला, नस दबलीय. कानस कायमची ठेवायची.”

“डॉक्टरकडे कधी गेलीस?”

“हे काम सुरू असताना.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगून काय केलं असतंत?”

फिटरने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बोटं एकेक करून दाबून पाहिली, अंगठा, पहिलं, मधलं, जशी तो नवी कानस घेताना दात चाचपून बघायचा. “कळतंय?”

“आता थोडं कळतंय.”

“हं,” तो म्हणाला.

पण आनंद त्याला गप्प बसू देईना. त्याने फोन काढून कुलूपवाल्याला लावला. फोन कानाशी धरूनही समोरच्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता, इतका तो माणूस मोठ्याने बोलायचा.

“त्या पट्ट्या,” फिटर म्हणाला, “भोकं माझी बरोबर होती. घासताना जास्त गेलं. घासकाम हिचं आहे.”

“कुणाचं?”

“हिचं. आमच्या घरातलं.”

“वहिनींचं? थट्टा करता काय भर दुपारी?”

“थट्टा कसली. सगळं तिचंच असतं. पहिल्यापासून. माझा खांदा गेल्यापासून मी कानशीला हात लावलेला नाही.”

तो बोलका माणूससुद्धा गप्प झाला. मग म्हणाला, “आणि मी चहाचं कौतुक करत होतो.”

फिटरीण खुर्चीत डोळे मिटून हे ऐकत होती. इतक्या वर्षांत तिच्या कामाला पहिल्यांदा तिचं नाव लागलं, आणि ते बिघडलेल्या कामाला. राग येईल असं तिला वाटलं होतं. पण राग यायलाही ताकद लागते.

“दुसऱ्या करून देतो तुम्हाला,” फिटर फोनवर म्हणत होता. “नव्या. सगळ्या.”

तिने डोळे उघडले. फोन ठेवेपर्यंत थांबली. “कोण करून देणार?”

“नाही, म्हणजे… घाई नाही. तू आधी बरी हो. महिना जाऊ दे, दोन जाऊ दे. मग रोज थोड्या थोड्या…”

“मी नाही करणार.”

“आत्ता नाही म्हणतोय मी. नंतर.”

“नंतरही नाही. कधीच नाही.” आवाज चढवून नाही, भाजीत मीठ घातलंय असं सांगावं तसं ती म्हणाली. “मी आता आडवी होते.”

फिटर वर्तमानपत्रावरच्या पट्ट्यांकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, “मग मी करतो.”

“करा.”

“खांदा दुखेल.”

“दुखेल.”

“हात हलेल.”

“हलेल,” ती म्हणाली, आणि आत जाऊन पडली.

थोड्या वेळाने मागच्या खोलीत चादर ओढल्याचा आवाज आला. मग मशीन सुरू झालं, बंद झालं. मग पडद्याच्या कड्या सरकल्या. आतल्या भागात फिटर किती वर्षांनी गेला असेल कोण जाणे. कानशी शोधताना त्याने दोन खाली पाडल्या. वाइस आवळला. कानस चालू झाली.

तिला न उठता सगळं दिसत होतं. तो कानस मागे आणताना उचलत नव्हता. खरखर दोन्ही बाजूंनी येत होती. कोपर बरगडीला टेकवून हात स्थिर करायला बघत होता, म्हणून झटका लहान पडत होता आणि एकच बाजू खाल्ली जात होती. मध्येच थांबत होता, खांदा चोळत असणार. उठून जावं, कानस हातातून घ्यावी, दोन हात मारून दाखवावेत असं तिच्या पायांना वाटलं. तिने ते पाय पांघरुणात ओढून घेतले.

ऊन खिडकीतून गेलं तेव्हा तो दारात आला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, नाकावर लोखंडाचा कीस. हातात एक पट्टी. आख्ख्या दुपारची एक पट्टी.

“बघतेस जरा?”

तिने पडल्या पडल्याच पट्टी घेतली, खिडकीकडे धरली आणि परत दिली. “वाकडं आहे.”

“कुठे?”

“वरचा डावा कोपरा. आणि खालची बाजू उतरती झालीय.”

“पुष्कळ?”

“पुष्कळ.”

तो पट्टीकडे बघत राहिला. “मग आता?”

“आता दुसरं करा,” फिटरीण म्हणाली, आणि कुशीवर वळून तिने डोळे मिटले.